विश्वस्ताकडे हिशेब मागण्याचा आपला हक्क
(सोसायटीच्या पालक-मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



या मेळाव्यात शिक्षकाने पालकांना काय सांगायचे हे जवळजवळ ठरून गेलेले आहे. मुलांना वेळेवर शाळेत पाठवा, घरी अभ्यासाला जागा द्या, मुलीचे शिक्षण मध्येच सोडवू नका. हे सर्व यंदाही तितकेच खरे आहे, पण आज मी ते बोलणार नाही. गेल्या वर्षभरात तीन पालक मला निरनिराळ्या वेळी येऊन भेटले. एकाला गावच्या मस्जिदीच्या जमिनीबद्दल विचारायचे होते. दुसऱ्याला आपल्या पोरक्या भाच्यांच्या नुकसानभरपाईच्या पैशाबद्दल. तिसऱ्याचा प्रश्न तर आपल्या या सोसायटीबद्दलच होता. तिघांनीही दार लोटून घेतले आणि आवाज खाली करून एकच विचारले, "सर, हे विचारता येते का?" त्या प्रश्नाचे उत्तर मी आज उघड्या आवाजात देणार आहे. अध्यक्षसाहेबांनी त्याला परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार.

मी वकील नाही. मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. जे सांगणार आहे ते कायदे वाचून, जाणत्या वकिलांना विचारून आणि अलिबागच्या कचेरीत चार हेलपाटे घालून समजून घेतलेले आहे. प्रत्यक्ष तंटा उभा राहिला तर माझ्या भाषणावर विसंबू नका, वकील गाठा.

आधी एक हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसाचेही नाही. मी लहान असताना आमच्याकडच्या एका मस्जिदीचा सारा कारभार एका चाचांकडे होता. मस्जिदीची थोडी भातजमीन, काही आंबे आणि नाक्यावरचे दोन गाळे. भाडे चाचा वसूल करीत. इमामसाहेबांचा पगार, विजेचे बिल, रमजानची इफ्तारी सर्व त्यांच्या हातून होई, आणि कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालीत. हिशेब म्हणजे एक लांब लाल वही आणि बाकीचे सर्व डोक्यात. त्यांना कोणी कधी विचारले नाही. विचारणे म्हणजे त्यांच्या पांढऱ्या दाढीला हात घालण्यासारखे होते.

चाचा वारले तेव्हा वहीतील शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची निघाली. एका गाळेवाल्याने सांगितले की मी अनामत म्हणून मोठी रक्कम चाचांना रोख दिली आहे. पावती नाही, बँकेत पैसे नाहीत. चाळिसावा होतो न होतो तोच जमातीत दोन तट पडले. चाचांचा मुलगा माझ्या बरोबरीचा. बापाचे नाव राखण्यासाठी त्याने आपली रिक्षा विकली आणि रक्कम भरली. पुढे दोन वर्षांनी घर शाकारताना कोनाड्यात एक कागदांचे पुडके सापडले. त्यात मस्जिदीच्या छपराच्या पत्र्यांची आणि सुताराच्या मजुरीची बिले होती. पैसा छपरावरच गेला होता! जमातीने मुलाला पैसे परत दिले, माफीही मागितली. पण तो आजही जुम्म्याची नमाज शेजारच्या गावात जाऊन पढतो.

हिशेब मागणे म्हणजे विश्वस्तावर चोरीचा आळ घेणे, असा आपल्याकडे जो समज आहे त्याने चाचांसारख्या सरळ माणसाचे किती नुकसान केले हे पाहा. त्यांना कोणी दरवर्षी हिशेब मागितला असता तर ती बिले कोनाड्यात गेलीच नसती.

आपल्या धर्मात तर याची परंपरा फार स्पष्ट आहे. हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे म्हणून त्यांनी पैगंबरसाहेबांचा सल्ला घेतला आणि ती वक्फ केली. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, मुसाफिरांना. जो तिची व्यवस्था पाहील त्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण त्यातून श्रीमंत होऊ नये, अशी अट त्यातच होती. आणि पुढे ही व्यवस्था पाहण्यासाठी त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा यांची नेमणूक केली. आमच्या जमातींच्या कमिट्यांवर एकही बाई नसते, ही गोष्ट जाता जाता ध्यानात आणून देतो.

आपल्या मुंबई इलाख्यातही हा झगडा नवा नाही. १८६६ साली मुंबई हायकोर्टात खोजा जमातीचा मोठा दावा चालला. जमातीच्या मिळकतीचा हिशेब व्हावा, मुखी आणि कामडिया हे निवडून यावेत, अशी काही सभासदांची मागणी होती, आणि प्रतिपक्षी पहिले आगाखान होते. न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांनी १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. त्या खटल्यात हिशेबाच्या वह्यांपेक्षा खोजांचा मूळ पंथ कोणता, मिळकत कोणत्या पंथाच्या लोकांसाठी, यावरच सारा भर राहिला. कोर्टापुढे पहिला प्रश्न हाच येतो: ही मिळकत कोणासाठी ठेवली आहे आणि मागणारा त्यांपैकी आहे काय? ते सिद्ध झाले नाही तर पुढच्या पानावर जाताच येत नाही.

दुसरा खटला १९२१ सालचा, दाऊदी बोहरा जमातीचा. चांदाभाई गल्ला खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. गल्ला म्हणजे कबरीजवळची पेटी, जिच्यात भाविक पैसे टाकतात. जमातीचे सर्वोच्च धर्मगुरू हे इमामांचे प्रतिनिधी, म्हणून त्यांनी कोर्टापुढे हिशेब द्यावयाचा नाही, असा बचाव होता. न्यायमूर्ती मार्टन यांनी धार्मिक थोरवी आणि मिळकतीचा जाब या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. या मिळकती सार्वजनिक धर्मादायाच्या आहेत आणि त्या ज्यांच्या हाती आहेत ते विश्वस्त या नात्याने जबाबदार आहेत, असा निर्णय दिला. त्याच वर्षी विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने मुतवल्ली हा वक्फ मिळकतीचा मालक नसून फक्त व्यवस्थापक आहे हे सांगितले. एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीला जो नियम लागला तो गावच्या कमिटीच्या खजिनदाराला लागत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता आजचा कायदा. आपल्याकडे सार्वजनिक संस्था मुख्यतः दोन कायद्यांखाली येतात. एक १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा, ज्याचे नाव आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम असे झाले आहे. त्याचे अधिकारी ते धर्मादाय आयुक्त. दुसरा १९९५ चा वक्फ कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ, ज्याचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. आपली संस्था यांपैकी कोणत्या कायद्याखाली येते हे ठाऊक नसल्याने कित्येक अर्ज चुकीच्या टेबलावर वर्षानुवर्षे पडून राहतात. मुसलमानाने स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट हा वक्फच असतो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केले. २०२५ च्या दुरुस्तीनेही धर्मादाय कायद्याखालील अशा ट्रस्टना वक्फ कायद्यापासून वेगळे ठेवले आहे.

मग शोध कोठून सुरू करायचा? माझे उत्तर असे की भाषणापासून नाही, भांडणापासून नाही, एका कागदापासून. धर्मादाय कचेरीत प्रत्येक नोंदलेल्या संस्थेचे एक पान असते. त्याला परिशिष्ट १ म्हणतात, कचेरीतले लोक 'शेड्यूल वन' म्हणतात. त्यावर संस्थेचे नाव, उद्देश, विश्वस्त कोण, नवा विश्वस्त कसा नेमायचा, स्थावर मिळकत कोणती, हे सर्व असते. नोंदणी क्रमांकापूर्वीचे अक्षरही बोलके असते: 'बी' म्हणजे वक्फ म्हणून नोंद, 'एफ' म्हणजे सोसायटी. रायगडची कचेरी अलिबागला आहे. कर्जतहून खोपोली, पेण करीत एस.टी.ने जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते हे मला माहीत आहे. पण अर्ज करून, फी भरून ती नक्कल एकदा हातात आली की निम्मी कुजबूज आपोआप थांबते. एका गावी ज्यांना आम्ही वीस वर्षे विश्वस्त म्हणून सलाम करीत होतो त्यांचे नाव त्या पानावर नव्हतेच. ज्यांची नावे होती ते सर्व कब्रस्तानात होते! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. तो कोणी दिला नाही, आणि मग वारसांपासून कमिटीपर्यंत जो तो आपणच खरा म्हणतो. बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे.

या पानासोबत सातबाराही काढा. कब्जेदाराच्या जागी संस्थेचे नाव हवे. तेथे मुतवल्लीचे स्वतःचे नाव असेल तर आज तो देवमाणूस असला तरी उद्या त्याचे वारस फेरफार करून घेतील, आणि त्यांनाही वाटेल की ती आपल्या बापाचीच जमीन. द्रुतगती मार्ग झाल्यापासून आणि फार्महाऊसवाले येऊ लागल्यापासून आपल्या दोन तालुक्यांत गुंठ्याचा भाव ऐकून चांगल्या माणसांचीही मती फिरते, हे आपण पाहतच आहोत.

यानंतर ताळेबंद. धर्मादाय कायद्याप्रमाणे हिशेब दरवर्षी तपासले गेले पाहिजेत, आणि हिशेबतपासनिसाने फक्त बेरजा जुळवून सही करायची नसते. रोख शिल्लक वहीशी जुळली काय, पाच हजार रुपयांवरील दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या काय, कलम ३६ मोडून मिळकत कोणाला दिली काय, अशा ठराविक प्रश्नांची उत्तरे त्याला अहवालात द्यावी लागतात. पालकांनो, ताळेबंदाचे आकडे कळले नाहीत तरी हरकत नाही, ती प्रश्नोत्तरांची पाने वाचा. दहावीच्या मुलाला समजेल इतकी ती सोपी आहेत. तुमच्याच मुलाकडून वाचून घ्या.

कलम ३६ चे नाव आले म्हणून सांगतो. धर्मादाय कायद्याखालील ट्रस्टची स्थावर मिळकत विकणे, बदलून देणे, बक्षीस देणे, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिनशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणे, याला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. वक्फ मिळकतीच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. तिची विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण हे २०१३ च्या दुरुस्तीपासून मुळातच रद्दबातल आहे, आणि भाडेपट्ट्यालाही नियम आहेत. तेव्हा जमातीच्या चार मोठ्या माणसांनी स्टँपपेपरवर सह्या केल्या म्हणून व्यवहार पक्का झाला असे मुळीच समजू नका.

आणि कागदांनंतरही समाधान झाले नाही तर? येथे 'हितसंबंध असलेली व्यक्ती' हा शब्द लक्षात ठेवा. कायद्याचे दार त्याच्यासाठी उघडते. वक्फच्या बाबतीत ज्याला तेथून काही लाभ मिळावयाचा आहे तो, आणि ज्याला त्या मस्जिदीत, ईदगाहात, दर्ग्यात इबादत करण्याचा हक्क आहे तोही यात येतो. म्हणजे तुम्ही-आम्ही सर्व. धर्मादाय कायद्यात असा माणूस कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करावे वा काढावे म्हणून अर्ज करू शकतो. वारंवार हिशेब न देणे, कामात सतत हयगय, पैशाचा अपहार, विश्वस्तपदाशी विसंगत असे स्थान स्वीकारणे अशी कारणे त्यात दिलेली आहेत. विश्वस्ताविरुद्ध दोषारोप लेखी ठेवून त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मिळकत हातची जाण्याचा धोका असेल तर कलम ४१ई खाली किमान दोन हितसंबंधी व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावयाचा असतो. कलम ५० चा दावाही किमान दोघांचा, आणि त्याला आयुक्तांची लेखी संमती लागते. वक्फसाठी हीच तक्रार कलम ७० खाली प्रतिज्ञापत्रासह वक्फ मंडळाकडे करायची, आणि मुतवल्लीला दूर करण्याचा अधिकार कलम ६४ मध्ये आहे.

कायदा फक्त दोन माणसे मागतो. जुम्म्याला दोनशे माणसे सफेत उभी असतात, आणि सही करायला दोन मिळत नाहीत. कारण मुतवल्ली हा कोणाचा मामू, कोणाचा व्याही, कोणाचा सावकार. माझी सूचना अशी आहे की हिशेब एका माणसाकडे मागूच नका. जमातीत ठराव करा की दर वर्षी अमुक महिन्याच्या पहिल्या जुम्म्यानंतर हिशेब वाचला जाईल, मग खजिनदार कोणीही असो. असे झाले की कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. आमच्या ओळखीच्या एका जमातीने हे सुरू केले. पहिल्या वर्षी खजिनदार रुसून बसले. दुसऱ्या वर्षी तेच सर्वांच्या आधी वही घेऊन हजर!

फौजदारी फिर्यादीचा मार्गही आहे. विश्वासघाताचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१६ क्रमांकाचे आहे. पण मी ते मुद्दाम शेवटी सांगतो. पोलिसांत गेल्यावर जमात पुन्हा एका दस्तरख्वानावर बसत नाही, आणि पुराव्यावाचून केलेली फिर्याद तुमच्यावरच उलटते.

वक्फ मिळकतीबाबत २०२५ साली जे बदल झाले त्यांतील दोन गोष्टी आपल्या गावांना जवळच्या आहेत. पहिली, केंद्र सरकारच्या 'उम्मीद' पोर्टलवर मिळकतीची माहिती भरण्याची. तुमच्या कब्रस्तानाची, मस्जिदीची माहिती भरली गेली काय, हे मुतवल्लीला आजच विचारा, पोहोच दाखवायला सांगा. ज्या जुन्या कब्रस्तानांचा दानपत्राचा कागद नाही, पिढ्यान् पिढ्या वापर हाच पुरावा आहे, त्यांच्यासाठी जुनी नोंदणी ही जिवाभावाची गोष्ट झाली आहे. दुसरी, वक्फ मिळकतीला पूर्वी मुदतीच्या कायद्यापासून जी सूट होती ती काढली गेली. कोणी बांध सरकवला, कुंपण घातले, तर आता 'वक्फ आहे, कधीही सोडवू' म्हणून झोपून राहता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने काही तरतुदींना स्थगिती दिली. तथापि, संपूर्ण कायद्याला नाही.

आता त्या भाच्यांच्या पैशाकडे येतो. त्यांचे वडील वारले, जमीन संपादनात गेली, भरपाई चाचाच्या खात्यात आली. हा ट्रस्ट नाही, पण चाचा येथे विश्वस्तासारखाच आहे. मुस्लिम कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या मिळकतीचे पालक म्हणजे बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आजोबा आणि आजोबांनी नेमलेला माणूस. चाचा, थोरला भाऊ, आईसुद्धा या यादीत नाही. आईने अज्ञान मुलांची मिळकत विकलेली चालत नाही हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात ठरवले. यांपैकी कोणी नसेल तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि मग कोर्टाला हिशेब द्यावा लागतो. चाचाच्या मनात पाप असेलच असे नाही. त्याने त्या पैशातून मुलांच्या फिया भरल्या असतील, बहिणीचे लग्न केले असेल. म्हणूनच वही हवी. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर मात्र स्वस्थ बसू नये, तीन वर्षांच्या आत वकिलाला कागद दाखवावेत.

एखाद्या घरात आजोबांनी नातवंडांसाठी रीतसर खाजगी ट्रस्ट केला असेल, तर १८८२ च्या ट्रस्ट कायद्याने लाभधारकाला ट्रस्टचा दस्त आणि हिशेब पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा हक्क कलम ५७ मध्ये दिला आहे. 'तुला काय कळते त्यात' हे विश्वस्ताचे उत्तर कायद्याला मान्य नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आपल्या सोसायटीचा. येथे मला थोडे अप्रिय बोलायचे आहे, आणि ते पालकांना उद्देशून आहे. सोसायटीच्या बाबतीत हितसंबंधी व्यक्ती कोण, याची व्याख्या करताना कायदा नाव घेतो ते सभासदाचे. मुलगा शाळेत आहे म्हणून बाप आपोआप सभासद होत नाही. मेळाव्यानंतर फाटकाबाहेर उभे राहून 'देणगीचे काय झाले' असे विचारणारे पुष्कळ आहेत. वर्गणी भरून, सभासद होऊन, वार्षिक सभेत उभे राहून विचारणारे किती? गेल्या सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागले होते. सोसायटीनेही सभासदत्वाचा अर्ज कपाटात न ठेवता सूचना फलकावर लावावा, अशी माझी चिटणीससाहेबांना सर्वांदेखत विनंती आहे. मी येथे पगार घेतो हे ठाऊक असूनच ही विनंती करीत आहे.

त्यांच्या संमतीने आपल्या सोसायटीच्या परिशिष्ट १ ची नक्कल आणि तपासलेले ताळेबंद बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. शेजारी सभासदत्वाचे वीस कोरे अर्जही आहेत. चार वर्षांपैकी तीन वर्षांचेच ताळेबंद तेथे आहेत. चौथा सोमवारी देतो असे चिटणीससाहेबांनी मला सांगितले आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी सोमवारी मधल्या सुटीनंतर शिक्षकदालनात यावे, मी तेथे असेन.